तपकिरी पाटी आणि आमचे साडू

आमचे साडू एक ना एक दिवस पाटी वाचता वाचता जाणार, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती. माणसं हार्टने जातात, शुगरने जातात, काही अतिशहाणी समुद्रात पोहायला जाऊन जातात. साडूभाऊ मात्र हायवेच्या कडेला, चप्पल काढून, डोक्याला टोपी घालून, एखाद्या पडक्या बुरुजाची माहिती मोठ्याने सांगत असताना जाणार. तेव्हा गाडी मी चालवत असणार, पोलिसांना जबाब मी देणार आणि मेव्हणीला फोनही मलाच करावा लागणार. हे सगळं मला ढळढळीत दिसायचं. मी मुळातच भित्रा. लिफ्टमध्ये पाचवा माणूस शिरला की मी बाहेर पडून जिन्याने जातो. अशा माणसाच्या नशिबी देवाने असा साडू द्यावा, याला काय म्हणावं!

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं एसीचे डक्ट बनवायचं वर्कशॉप आहे. आठवडाभर पत्रा ठोकून कान बधिर झालेला हा साठीचा माणूस सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळ आटपून अल मजाजला आमच्या बिल्डिंगखाली हजर. “यल्ला, उतर खाली! ऊन चढायच्या आत निघू!” गाडी मी चालवायची, कारण ते चालवायला बसले की त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि कडेला जास्त. इथे किल्ला, बुरूज, जुनी मशीद, जुनी विहीर असं काही जवळ असलं की रस्त्यावर तपकिरी रंगाची पाटी असते. ती दिसली रे दिसली की हे माझा दंड धरून ओरडणार, “थांब थांब थांब! तपकिरी!” मागून सिमेंटचे ट्रक धडधडत येतायत, आणि यांनी दारही उघडलेलं असतं. दुबई मरीनाला पाहुणे घेऊन गेलो तेव्हा सगळे माना वर करून टॉवर बघत होते आणि हे पायाशी बघत विचारत होते, “पण याच्या आधी इथे काय होतं रे?” मी म्हटलं, वाळू. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या पाटीच्या मागोमाग गेलं की बुरुजापाशी माहितीची मोठी पाटी असते, अरबीत आणि इंग्रजीत. ती नुसती वाचून पुढे जाणारा माणूस वेगळा. लहानपणी यांच्या घरी श्रावणात पोथी लागायची, ते वळण अजून गेलेलं नाही. पाटीसमोर अनवाणी उभं राहायचं, आम्ही श्रोत्यांनी खाली बसायचं, आणि मग हे इंग्रजी मजकूर उभ्या उभ्या मराठी करून पोथीच्या चालीवर सांगणार. “ऐका हो सज्जन! या गावीचे लोक उन्हाळा आला की मोती काढायास समुद्रात जात, बायका खजुराच्या बागा राखीत...” शेवटी खडीसाखर वाटायची. आणि मुख्य नियम म्हणजे, एकदा सुरू केलेला अध्याय अर्धवट सोडायचा नाही. भूकंप झाला तरी नाही. एकदा एका लष्करी छावणीच्या कुंपणाला लागून असलेल्या बुरुजापाशी हे रंगात आले असताना बंदूकधारी शिपाई आला आणि इथे काय चाललंय म्हणून दरडावू लागला. माझ्या डोळ्यांसमोर तुरुंग, डिपोर्टेशन, माझ्या लेकीची, इराची शाळा, सगळं तरळून गेलं. यांनी त्याला बोट वर करून थांबायची खूण केली! अध्याय पुरा केला आणि मग त्याच्या तळहातावर खडा ठेवून म्हणाले, “हबीबी, प्रसाद. स्वीट.” तो बिचारा हसला आणि खाऊन निघून गेला. मला मात्र रात्री ताप भरला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही फुजैराकडच्या डोंगरात गेलो होतो. साडूभाऊ, मी आणि माझी आठ वर्षांची इरा. एका वादीच्या काठावर, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या कोरड्या नदीच्या काठावर, लहानसं टेकाड, त्यावर बुरूज आणि पाटी. साडूभाऊ टोपी सावरत वर गेले. आता मी काय शहाणपण केलं ते ऐका. रस्त्यावर ट्रक येतील, उन्हात इराला त्रास होईल, वर साप असेल, अशा सगळ्या भीत्या एकत्र करून मी गाडी खाली नदीच्या पात्रातच एका झाडाच्या सावलीला लावली आणि काचा उघड्या ठेवून इराला घेऊन आत बसलो. डोक्यावर आभाळ निळंभोर. लांब डोंगरावर काळं दिसत होतं, पण ते लांब होतं.

वरून अध्याय ऐकू येत होता. “बाबा, काका इज सो लाऊड,” इरा म्हणाली. मी म्हटलं, “चालू दे बाई, ऐकू येतंय तोवर माणूस धड आहे.” आणि एका वाक्याच्या मध्येच आवाज थांबला.

इतक्या वर्षांत तो कधी मध्ये थांबला नव्हता. खलास, मी म्हटलं, ज्याची धास्ती घेतली होती तेच झालं, साडू गेला! मी दार उघडलं, इराला काखोटीला मारलं आणि टेकाडावर धावत सुटलो. जिना चढून धाप लागणारा मी, त्या दगडांवरून कसा चढलो ते मला आजही सांगता येणार नाही. वर पोचलो तर साडूभाऊ उभे. जिवंत, धडधाकट, पण तोंड उघडं आणि त्यातून आवाज नाही. पांढरेफटक पडले होते. हात लांब करून नुसतं खाली दाखवत होते.

मी वळून पाहिलं. डोंगराकडून गढूळ पाणी येत होतं, भिंतीसारखं, काट्याकुट्यांसकट. माझ्या देखत ते झाडापाशी आलं, गाडी आधी जराशी हलली, मग आडवी झाली आणि गेली. इराने माझ्या गळ्याला मिठी मारली. ती रडतही नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

साडूभाऊ पाटीकडे पाठ करून मटकन खाली बसले. त्यांनी इराला माझ्याकडून ओढून घेतलं, मांडीवर घेतलं आणि तिचे हात, पाय, बोटं चाचपत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांना आवाज फुटला. “ओरडायचं होतं रे मला. ओरडताच आलं नाही.” हे त्यांनी चार वेळा तरी सांगितलं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, “साडूभाऊ, अर्धा अध्याय राहिला ना?” त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. “मरू दे तो,” म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस इराच्या केसांत तोंड खुपसून हमसाहमशी रडला.

पाट्यांचं वेड गेलं म्हणाल तर नाही. फक्त आता आम्हाला खाली बसू देत नाहीत. इराचा हात एका हातात, माझ्या शर्टाची बाही दुसऱ्या हातात, अशी आमची वरात पाटीसमोर उभी राहते, आणि मध्येच थांबून, आम्ही दोघं आहोत ना हे बघून, मग ते पुढचं वाक्य घेतात. येत्या मार्चमध्ये वर्कशॉप भाच्याकडे सोपवून ते मिरजेला कायमचे परत चाललेत. मेव्हणीने सामान बांधायला घेतलंय. मी त्यांना अजून एका शब्दाने काही बोललेलो नाही. बोलायला गेलो की माझाही आवाज फुटत नाही.