काडीसकट सरगुंडे

आमच्या अकोल्याच्या घरमालकीणबाईंना खोटं बोलता येत नसे. हा सद्गुण आहे असं तुम्हाला शाळेत शिकवतात. शिकवणारे त्यांचे भाडेकरू कधीच नव्हते. लग्न होऊन मी पुण्याहून अकोल्याला आले, तेव्हा खोल्यांचं कुलूप उघडता उघडता त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तुमच्या आजोबांना म्हणाल्या, "लय वाळकी हाय. इथचं ऊन सोसते का हिले?" झालं आमचं स्वागत.

त्यांना सगळे पाटलीणबाई म्हणत. बार्शीटाकळीकडे काळ्या रानाची शेती होती, ती मुलगा पाहायचा. बाई अकोल्यात एकट्या राहून भाडेकरूंची मशागत करत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, सामानात गजराचं घड्याळ, मोजायचे चमचे आणि अनुक्रमणिकेसह पाककृतींची वही घेऊन आलेली. अशी सुपीक जमीन त्यांना आधी मिळाली नसावी.

रोज अकराच्या सुमाराला त्या स्वयंपाकघराच्या दाराशी येत, तळहातावर आमटी मागून घेत आणि निकाल देत. "आमटी हाय का आंगोयीचं पानी?" मी म्हणाले, वहीत बघून अगदी मापानं केली आहे. "मंग वहीच चाखून पाह्य. तिलेच चव असन." अर्ध्या तासानं त्यांच्याकडून झाकलेली वाटी येई. बेसनाच्या वड्यांचा, म्हणजे पातोडीचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग. डोळ्यांतून पाणी गाळत मी त्याच्याबरोबर दोन भाकरी खाई आणि वही फडताळात ठेवून देई.

वाटी रिकामी परत करायची नाही, एवढी रीत मलाही ठाऊक होती. एकदा मी तीत माझे रव्याचे लाडू घालून पाठवले. दुसऱ्या दिवशी विचारलं, कसे झाले होते? "गाईले देल्ले. गाय गरीब हाय बिचारी, काई बोलत नाई."

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मला तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरी चालून आली. होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा होता. तुमच्या आजोबांनी हा प्रश्न मोठ्या धैर्यानं आपल्या आईकडे पाठवला. पुण्याहून सासूबाईंचं, म्हणजे तुमच्या पणजीचं, उत्तर आलं: "येऊन घर कसं चाललं आहे ते पाहते. मग ठरवू." घर म्हणजे स्वयंपाक, हे सांगायला नको. एका जेवणावर माझी शाळा टांगली गेली.

पाटलीणबाईंनी ऐकलं आणि हुकूम सोडला, "आंब्याचा रस कर अन् सरगुंडे कर. पुन्यात कोनी पाह्यले नसन."

सरगुंडे म्हणजे भिजवलेल्या कणकेची बारीक लांब सुरळी काडीवर गुंडाळायची, उन्हात जरा सुकवायची, मग काडी ओढून घ्यायची. राहते ती पोकळ नळी. ती वाफवायची आणि रसात बुडवून खायची. बाईंनी गुंडाळायला शिकवलं. मी पेन्सिल घेऊन विचारलं, "जरा सुकवायची म्हणजे किती वेळ?"

"जरा म्हन्जे जरा."

"पण मिनिटं किती?"

"मले काय इचारतं व माय? त्यायले हात लावून पाह्य, तेच सांगतात."

कणकेनं कुणाशी बोलावं हे मला पटेना. मी वहीत लिहिलं: अर्धा तास.

सासूबाई आल्या त्या दिवशी मी दोन सुपं भरून सरगुंडे अंगणात ठेवले, घड्याळ लावलं आणि रस काढायला बसले. मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन घड्याळ पाहत नाही. गजर वाजून मी बाहेर गेले, तर एकही काडी निघेना. सरगुंडे काड्यांना धरून कडक झाले होते. सुपातून उचलले की खडखड वाजत. आत ताटं मांडलेली आणि सासूबाई आजोबांना विचारत होत्या, "अजून वेळ आहे का रे?"

पाटलीणबाईंनी एक सरगुंडा उचलून सुपाच्या काठावर वाजवून पाहिला. मग म्हणाल्या, "काड्यायसकट वाफव."

वाफवल्यावर काडी सुटत होती, पण ओढताना सरगुंड्याचे तुकडे होत होते. असे तुकडे पुण्याच्या ताटात वाढायचे म्हणजे शाळेला रामराम. बाईंनी तुकडे आजोबांच्या ताटात टाकले, काड्यांसकट अख्खे सात सरगुंडे दुसऱ्या ताटात मांडले आणि ते स्वतः सासूबाईंपुढे नेऊन ठेवलं.

"हे काय हो?" सासूबाईंनी एक काडी उचलून विचारलं.

"आमच्याकडं मानाच्या पाव्हनीले काडीसकटच वाढा लागते," पाटलीणबाई म्हणाल्या. "काडी तिनं आपल्या हातानं काढाव."

सासूबाईंनी लेकाच्या ताटाकडे पाहिलं. "आणि याला?"

"त्याचा कायचा मान?"

आजोबांनी मान खाली घालून तुकडे खाल्ले. सासूबाईंनी सातही काड्या एकेक करून ओढल्या. सरगुंडे तुटले ते त्यांच्याच हातानं, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न उरला नाही. बोटं चाटत त्या मला म्हणाल्या, "रीतभात आहे हो या लोकांत. शाळा कधी सुरू होते म्हणालीस?"

मी होकार कळवला. पाटलीणबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "तुह्यापायी जल्मात पह्यल्यांदा खोटं बोल्ली मी. आता शाळा सोडली, त टांग तोडीन."

टांग सांभाळून मी नोकरी केली. पुढे आजोबांची अमरावतीला बदली झाली, तिथंही शाळा मिळाली. एकदा तिथून त्यांना भेटायला गेले तेव्हा सांगितलं, की सासूबाई आता पुण्यात मानाच्या पाहुण्यांना सरगुंडे काडीसकटच वाढतात. बाई हादरल्याच.

"येड्या झाल्या का त्या? लेकराच्या घशात गेली त?" मग माझ्याकडे वळून, "शाळा चालू हाय ना तुही?"

"आहे."

"मंग ठीक."

ती आमची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. कार्ड वाचलं, घडी करून पुस्तकात ठेवलं आणि तास पुरा केला. सोडला असता तर बाईंना ते चाललं नसतं.

तुमची आई सरगुंडे शिकली ती पुण्याच्या आजीकडून. परवा तिनं पाठवलेल्या फोटोत तुमच्या तिकडच्या टेबलावर पाहुण्यांच्या ताटांत काड्या दिसल्या. ही वऱ्हाडातली शेकडो वर्षांची प्रथा, असं तिनं त्यांना सांगितलं म्हणे. शेकडो वर्षांची प्रथा एका दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात, पाचेक मिनिटांत सुरू झाली होती. मी जन्मभर मुलींच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या. ही एक ठेवली आहे. तुम्हीही आईला काही सांगू नका. फक्त टेबलावर लहान मूल असेल, तर त्याची काडी आधी काढून द्या.