केसरबाईंच्या वडिलांचं पेपरातलं चित्र

आमच्या सासूबाई, केसरबाई, आता सत्तरीच्या घरात आहेत. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात आया म्हणून लोकांची घाण उपसण्यात गेली, आणि घरी मात्र पेल्यावर बोटाचा ठसा दिसला तरी मला तो पुन्हा घासायला लावतात. आमचं दोघींचं रोज एकदा तरी वाजतं. पण हे मी त्यांच्या बाजूनं लिहितेय आणि रागानं लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते.

मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली गेलेल्या माणसांचे फोटो आहेत. सासऱ्यांचा आहे, सासूबाईंच्या आईचा, सरूबाईंचा आहे. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे कडुबांचा, मात्र नाही, कारण त्यांचा फोटो कधी निघालाच नाही. सासूबाई लहान असतानाच ते गावी, देवगाव रंगारीला, तापानं गेले. त्यांच्या स्मृतिदिनाला आम्ही मोकळ्या भिंतीपुढं मेणबत्ती लावतो. "बापाचा चेहरा येत नाय गं डोळ्यापुढं," हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय.

धम्मदीक्षा घेतल्यावर कडुबांनी गावाची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. चार-पाच वर्षांत ते ग्रामपंचायतीवर निवडून आले. तेव्हा शहरातल्या पेपरात त्यांचं चित्र आलं होतं, असं सरूबाई मरेपर्यंत अभिमानानं सांगत. तो पेपर मात्र घरात कुणीच पाहिला नव्हता. सरूबाईंना वाचता येत नव्हतं, आणि कडुबांनी तो घरी आणलाच नाही.

यंदा अतुल नावाचा एक गृहस्थ दारात आला. त्याचे आजोबा त्या काळी त्याच पेपरात चित्रं काढायचे आणि आता तो त्यांचं प्रदर्शन भरवत होता. देवगावात विचारत विचारत त्यानं आमचा पत्ता काढला होता. बोलायला एकदम मऊ. "आजी, तुमच्या वडिलांचं चित्र सापडलंय. उद्घाटनाला याच," म्हणाला. कसलं चित्र, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सासूबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. भिंतीवर खिळा त्यांनी उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच मारून घेतला.

औरंगपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये आम्ही गेलो तेव्हा त्या पांढरं पातळ नेसल्या होत्या. पिशवीत शेवंतीचा हार, मेणबत्ती आणि उदबत्ती. बापाला पहिल्यांदा हार घालायचा होता त्यांना.

चित्र दाराएवढं मोठं करून लावलं होतं. पंचायतीच्या खुर्चीवर ढगळ कोटातला माणूस, जीभ बाहेर आलेली, हातात दोर आणि दोराच्या टोकाला मेलेली म्हैस. भोवती गावची मानाची मंडळी नाकाला उपरणं लावून उभी. खाली लिहिलं होतं, 'नवे पंच, जुना वास'. शेजारी उभ्या असलेल्या दोघी जणी ते वाचून हसल्या. माझ्या अंगाची आग झाली.

"हे दाखवायला बोलावलंत?" मी अतुलला विचारलं.

"त्या काळचा विनोद आहे मॅडम. आजोबांनी मंत्र्यांनाही सोडलं नाही."

"मग मंत्र्याच्या हातात असा दोर कुठं आहे तो दाखवा मला."

तो भिंतींकडं बघायला लागला. मंत्री होते, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची टोपी तिरकी. दोर कुणाच्याच हातात नव्हता.

सासूबाईंचा आवाज मात्र चढला नाही. "बापानं हे पाह्यलं व्हतं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो ना, आजी," अतुल खुलला. "आजोबा सांगायचे. ते स्वतः ऑफिसात आले, अंक मागून घेतला, शांतपणे बघितला आणि निघून गेले. फार खिलाडूपणे घेतलं त्यांनी."

"अन् घरी येऊन माझ्या मायला म्हनला, आपला फोटू छापलाय."

अतुलला आता कुठं कळलं. घाईघाईनं म्हणाला, "आजी, मी कॉम्प्युटरवर नुसता चेहरा वेगळा काढून देतो. जीभही आत घालता येईल. छान फ्रेम करून घरी आणून देतो."

त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मला वाटलं, हो म्हणतील. आयुष्यभर मागितलेली एकच गोष्ट समोर होती.

"तू आत घालशील रे. पर मेणबत्ती लावताना मला ती भाईरच दिसंल," त्या म्हणाल्या. "नको. उतरव हे."

"समितीला विचारावं लागेल," अतुल पुटपुटला.

मी समितीची वाट पाहिली नाही. चप्पल काढून खुर्चीवर चढले, चित्र उतरवलं आणि भिंतीकडं तोंड करून ठेवलं. कुणी मधे पडलं नाही. त्याबद्दल मला काडीचाही पस्तावा नाही.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा सासूबाईंना रडू फुटलं.

"दीपमाला, कान बापाचेच हायेत. खांद्यावर बसवायचा तवा मी कानच धरायची. इसरून गेले व्हते मी. मेल्यानं बरोबर काढले."

तेव्हा माझा खरा संताप झाला. म्हणजे त्या माणसानं कडुबांना जवळून, नीट, कानाच्या पाळीपर्यंत पाहिलं होतं. आणि पाहून झाल्यावर त्यांच्या हातात तो दोर दिला.