बोलुंबूचं बाळंतपण

आमच्या गावात बोलुंबूएवढी धुरकट बाई दुसरी नव्हती. सरोवरावरून मासे आले की ते धुरावर वाळवून विकायचे, हा तिचा धंदा. केसांना, कपड्यांना, तिनं दिलेल्या सुट्या पैशांनासुद्धा धुराचा वास. दोन नवरे झाले, मूल होत नाही म्हणून दोघंही सोडून गेले. "गेले ते बरं झालं," ती म्हणायची, "दोघंही फुकट मासे खायचे." असं हसून बोलायची, पण कुणा पहिलटकरणीचा सोहळा निघाला की ही मागच्या मागे पसार व्हायची.

आमच्याकडे पहिलं मूल झालेली बाई महिनोन्महिने घरात बसते. तिनं कामाला हात लावायचा नाही. लाल लाकडाची भुकटी तेलात कालवून तिच्या अंगाला चोपडायची, बाकीच्या बायकांनी तिला भरवायचं. मूल धडधाकट झालं की ती नटूनथटून बाहेर येते, ढोल वाजतात, आणि मंचावर उभी राहून ती स्वतःचं गाणं स्वतःच म्हणते. जिला हे मिळालं नाही तिला म्हातारी झाली तरी चार बायकांत कुणी मान देत नाही. मला ही गोष्ट कधीच पटली नाही, पण माझं कोण ऐकतं?

तर एकदा लोकुली नावाच्या कोळ्याला जंगलाच्या कडेला चिंपांझीसारख्या दिसणाऱ्या बोनोबोचं पिल्लू सापडलं. बाहेरून आलेल्या शिकाऱ्यांनी त्याची आई मारली होती. काळंभोर तोंड, गुलाबी ओठ आणि केसांचा मधोमध पाडल्यासारखा भांग. आमच्या गावात बोनोबोचं मांस कुणी खात नाही, कारण ते आमचे नातेवाईक. लोकुलीनं पिल्लू थेट मी शिकवते त्या शाळेत आणलं. अनाथ बोनोबो सांभाळणाऱ्यांना मी फोन केला. त्यांची बोट यायला बरेच दिवस लागणार होते. तोवर पिल्लू जगवणं आमच्याकडे आलं.

नेमकं तेच जमेना. टोपलीत मऊ कापड अंथरून ठेवलं, बाटलीनं दूध दिलं, त्यानं थुंकून टाकलं. पाहता पाहता त्यानं मान टाकली. वर्गातली पोरं टोपलीभोवती गोळा झाली.

"बाई, हे माकड मरणार?"

"माकड म्हणू नकोस. माकडाला शेपूट असतं. याला आहे का? तुला आहे का?"

"बाई, याच्या भावाला असेल!" त्या पोराकडे बोट दाखवत मागून कुणीतरी ओरडलं.

"गप्प बसा! त्याची बोटं बघा. नखं आपल्यासारखीच. तळहातावर रेघासुद्धा आहेत."

"मग आपण आधी असे होतो?"

"नाही रे. हे आपले आजोबा नव्हेत, भावंडं आहेत. फार फार पूर्वी एक आई होती. ती माणूस नव्हती आणि बोनोबोही नव्हती. तिच्या लेकींच्या लेकी वेगवेगळ्या वाटांना लागल्या. एका घराण्यातले आपण. दुसऱ्या घराण्याच्या पुढे पुन्हा वाटण्या झाल्या. मोठ्या नदीच्या पलीकडे राहिले ते चिंपांझी, अलीकडचे हे. या दोघांहून जवळचं आपल्याला जगात कुणी नाही."

"मग ते बोलत का नाहीत?"

"बोलतात की, त्यांच्या भाषेत. तुमच्यासारखी वटवट करत नाहीत एवढंच. पण गुदगुल्या केल्या की तुमच्यासारखेच हसतात."

"आणि त्यांची आई मेली तर?" एका मुलीनं विचारलं.

तेवढ्यात दारात धुराचा वास आला. बोलुंबू मासे विकायला आली होती.

"त्याला टोपलीत का ठेवलंय? तो काय मासा आहे?" असं म्हणून तिनं त्याला उचललं. पिल्लानं तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. तिनं बाटली पुढे केली, तर चक्क दोन घोट प्यालं. खाली ठेवायला गेली, तर किंचाळून रडायला लागलं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला बोलुंबूनं दिलं, त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

ती त्याला घरी घेऊन गेली. पण धुरानं त्याला खोकला येई, म्हणून तिला भट्टी विझवावी लागली. भट्टी विझली म्हणजे चूलही विझल्यातच जमा. बोलांगा आजी ही आमच्या गावची सगळ्यात तिखट जीभ. ती अंगणात येऊन ओरडली, "काय गं, बाळंतीण झालीस वाटतं! थांब, लाल भुकटी आणते तुला चोपडायला!"

बायका खो खो हसल्या. बोलुंबू हसली नाही.

"आणा," ती म्हणाली. "थट्टा केलीत, आता पुरी करा. याला खाली ठेवलं तर हा मरेल. मला कामाला हात लावता येत नाही. बाळंतीण आणखी कशी असते?"

आजी तरातरा निघून गेली. संध्याकाळी परत आली ती भुकटी आणि तेल घेऊन.

"हात वर कर. गळ्याजवळ तूच लाव बाई, तुझं पोर चावेल मला."

मग काय विचारता! कुणी पानात बांधलेला कसाव्याच्या कंदाचा गोळा आणला, कुणी तेलातली पाल्याची भाजी, लोकुली ताजे मासे देऊन जाई. बोलुंबू लालभडक होऊन बसलेली आणि पिल्लू तिच्या पोटाला चिकटलेलं. ते दूध प्यायला लागलं, बाळसं धरायला लागलं. तिनं त्याचं नाव ठेवलं मातोंदो, म्हणजे आभार.

"आभार कुणाचे? यानं तर तुझा धंदा बसवला!" आजी म्हणाली.

"यानं मला मिठी मारली, त्याचे."

बोट आली. तीतून उतरलेल्या डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केले, पण मातोंदो काही बोलुंबूला सोडेना. "बाळंतिणीला मागे ठेवून बाळ नेतात होय?" आजीनं विचारलं. सरोवरापलीकडे कधी पाऊल न टाकलेली बोलुंबू त्याच बोटीत बसली.

पुढच्या उन्हाळ्यात ती परतली, एकटीच. आता सोहळा करायचा की नाही, यावर कुजबुज सुरू झाली. मांडीवर मूल नाही, मग ढोल कसले? बोलुंबूनं स्वतःहून काहीच मागितलं नाही. आजी मात्र भडकली. "पोर जिवंत आहे ना? आपल्या लेकरांना परगावी धाडून बसलेल्या आपण काय आया नाही? काढा ते ढोल!"

बोलुंबूला पुन्हा लाल रंगवलं, मंचावर चढवलं. पोरं झाडांवर जाऊन बसली. तिचा आवाज बसका, सुराशी फारसं सख्य नाही, तरी ती गात राहिली. मातोंदोला इतर बोनोबोंमध्ये सोडलं तो दिवस तिनं गायला. एक थोराड मादी पुढे आली. तिनं त्याला हुंगलं, पोटाशी घेतलं आणि झाडीत निघून गेली. बोलुंबू कुंपणाशी उभी होती.

"मी हाक मारली नाही," तिनं गायलं, "आणि त्यानं मागं वळून पाहिलं नाही."

इथं तिला रडू फुटलं. ढोल थांबले.

"मग रडतेस कशाला गं?" खालून आजीनं विचारलं. ती स्वतःही डोळे पुसत होती.

"आनंदानं, आजी. तुम्ही सगळ्यांनी मला भरवलंत, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. माझ्या पोराला आई मिळाली, तो मला विसरला. बायांनो, माझं बाळंतपण सुखरूप पार पडलं."