डेल्मरची खुर्ची

"आपला माणूस शेजारी असला की हरलेलंही सोसतं," असं होइट प्रुइट नेहमी म्हणायचा. अलाबामातल्या त्या गावात तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, पण पानगळीतले शनिवार त्यानं कॉलेजच्या फुटबॉलला वाहिलेले. आपल्या निळ्या जर्सीवाल्या संघाच्या मैदानात त्याची आणि जिवलग मित्र डेल्मरची राखीव खुर्ची एकवीस वर्षं शेजारीशेजारी होती. नदीपलीकडच्या कट्टर वैरी लालवाल्यांशी सामना असला, की त्या दिवशी गावात कुणी लग्नसुद्धा ठेवत नसे.

त्या वर्षी नेमक्या त्याच सामन्याला डेल्मरच्या खुर्चीवर लाल टोपीवाला एक अनोळखी माणूस येऊन बसला.

"तिकीट कुठं मिळालं, भाऊ?"

"डेल्मर म्हणून कुणी आहे, त्यानं विकलं. भला माणूस!"

शेवटच्या क्षणी लालवाल्यांनी मारलेला चेंडू दोन खांबांमधून गेला, निळे हरले, आणि तो लाल टोपीवाला होइटच्या कानाशी नाचला.

बाहेर गाड्यांच्या तळावर, जिथं सामन्याच्या दिवशी लोक चुली मांडून जेवणं करत, डेल्मर नेहमीसारखा धुरावर डुकराचं मांस भाजत होता.

"ये गड्या, ताटली भरून ठेवलीय."

"खुर्ची विकलीस?"

"अरे, आपण हरणारच होतो. उगाच जीव कशाला जाळायचा?"

"हरलो त्याचं काही नाही रे. पण माझ्या शेजारी लालवाला बसवलास?"

"एकाच सामन्यापुरता तर!"

"त्याच सामन्याला तू हवा होतास."

होइट वळला आणि गाड्यांच्या रांगेतून सावकाश चालू लागला. भरलेली ताटली हातात धरून डेल्मर तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.