इमरतीची चुंबळ

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. रांझीहून रेखादीदी बोलत होत्या, सुमनआत्याच्या शेजारच्या. "बेटा, बुआजी नहीं रहीं... सुबह चाय चढ़ाई, और वहीं बैठ गईं," एवढं सांगून त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "इमरती मेरे पास है. तू आराम से आ." इमरती म्हणजे आत्याची कोंबडी. अशा फोनवर कोंबडीची खुशाली कोणी सांगत नाही. पण आत्याने पहिल्यांदा तेच विचारलं असतं, हे रेखादीदींना माहीत होतं.

याला आता महिना होऊन गेला. आत्याविषयी लिहायला बसले की डोळे भरून येतील असं वाटलं होतं, आणि येतातही. पण त्याहून जास्त मला तिच्याबरोबरची धावपळ आठवते आणि हात भरभर चालू लागतो. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही पाटनचे, हिंदी मुलखातले मराठी. बाबा मंडीत धान्याची पोती उचलायचे आणि आमच्या घरात शाळेच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझी बारावी झाली तेव्हा आत्या बसने पाटनला आली आणि बाबांना म्हणाली, "पोरगी काहून घरी बसवून ठेवली? माझ्याकडे पाठव." आत्याचे यजमान फॅक्टरीत होते, ते गेल्यावर रांझीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती एकटीच राहायची. त्या घरात राहून मी पदवीधर झाले, बी.एड. केलं आणि नोकरीला लागले. आज मी जी काही आहे, ती तिच्या त्या एका बसच्या फेरीमुळे.

नोकरी लागल्यावर मी त्याच शहरात, शाळेजवळ गोहलपुरात, खोली घेतली. पुढच्याच रविवारी रांझीला गेले, तर घरात चिवचिवाट. आत्याने हाटातून कोंबडीची पिल्लं आणली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तू गेली. आता सकाळी कोणावर ओरडू मी?"

आत्याच्या घरात फरशीत तोंड दिसायचं. दिवसातून कितीदा पुसायची, देव जाणे. पिल्लंही तिने आपल्याच पद्धतीने ठेवली. मोठ्या टबमध्ये जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानं अंथरली, म्हणजे घाण झाली की फडक्याने पुसता येईल. बाकीची पिल्लं बळकट होती, ती निभावली. एक मात्र अशक्त होतं. ते त्या पानांवर घसरायचं, उठायचं, पुन्हा घसरायचं. ते खेळतंय असं आम्हाला वाटायचं. हळूहळू त्याचे पाय दोन बाजूंना फाकले आणि वाकडे होऊन तसेच राहिले. रेखादीदी टबात डोकावून म्हणाल्या, "बुआजी, इसके पैर तो इमरती हो गए. इसका तो शोरबा भी ढंग का नहीं बनेगा." आत्या म्हणाली, "तो मत बनाओ. मैंने न्योता दिया क्या?" आणि नाव मात्र तेच पडलं, त्या वेटोळ्या मिठाईचं.

मी आणि आत्या तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला हातात घेऊन नीट पाहिलं. अगदी सुरुवातीला पाय बांधून सरळ ठेवता आले असते, आता हाडं पक्की झाली, असं त्या म्हणाल्या. गुळगुळीत जमीन हे त्याचं एक कारण असतं, हेही त्यांनी सांगितलं. मग तिला उलटी धरून छाती दाखवली. चालता येत नाही म्हणून ती दिवसभर छातीवर पडून असायची, आणि तिथलं कातडं सोलवटून जखम झाली होती. "पैर तो ऐसे ही रहेंगे, अम्मा. उससे वो मरेगी नहीं. ये घाव नहीं भरा तो मरेगी. छाती पर वज़न मत आने दीजिए."

घरी आल्यावर आत्याने दाण्यांची पोती उसवली आणि साऱ्या घरात तरट अंथरलं. त्या फरशीवर तरट. रेखादीदी दारातच थबकल्या. "बुआजी, गोदाम खोल लिया क्या?" "माझ्या पुसण्यानं तिचे पाय गेले," आत्या म्हणाली, "आता पुसणं बंद."

आणि मग सुरू झाले आमचे प्रयोग. दर रविवारी मी नवी कल्पना घेऊन जायचे आणि आत्याकडे आधीच दुसरी तयार असायची. आम्ही कापडी पिशवीला पायांसाठी भोकं पाडली आणि ती दोन स्टुलांच्या मधे टांगून इमरतीला आत बसवलं. तिने पंख असे फडफडवले की एक स्टूल वरणाच्या पातेल्यात गेलं. दोघी हसून हसून खाली बसलो. उशी ठेवली, तर ती तिच्यात रुतून उलटी झाली. जखम काही भरेना. रोज हळद, रोज मलम, आणि दर रविवारी आत्याचा तोच प्रश्न, "कमी दिसून राहिली का गं?" मी खोटं बोलत नसे, म्हणून मलमाची डबी पुढे करायचे.

एका रविवारी मी माठ धुवायला काढला आणि खाली ठेवला, तर तो कलंडला. आत्या ओरडली, "चुंबळ ठेव ना खाली..." आणि बोलता बोलता थांबली. माझ्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. "माठाला कुठं पाय असतात?" म्हणाली. बस. नेसती साडी बदलून तिने तीच जुनी साडी फाडली, डाव्या पंजाभोवती गुंडाळत पीळ दिला, टोक आत खोचलं. इमरतीला त्या कड्यावर बसवलं. छाती बरोबर मधल्या पोकळीत, भार सगळा कडेवर, वाकडे पाय बाहेर मोकळे. ती कलंडली नाही. मान उंच करून तिने सारी खोली पाहिली. खाली पडून तिने आजवर फक्त आमच्या टाचा पाहिल्या होत्या. मी टाळ्या वाजवत सुटले. आत्याने मला दटावलं, "हळू, घाबरंल ती," आणि स्वतःच धावत जाऊन रेखादीदींना घेऊन आली.

जखम भरली. पुढे आत्याने परातीत राख आणि वाळू घालून, मधे चुंबळ पुरून, इमरतीला मातीत लोळायची सोय करून दिली. तिने पहिल्यांदा पंखांनी राख उडवली तेव्हा आत्या नखशिखांत पांढरी झाली होती आणि राख न झटकता तशीच बसून पाहत राहिली. फरशीसाठी जिने आम्हा सगळ्यांना दारात चपला काढायला लावल्या, ती हीच.

तेराव्यानंतर नागपूरचा दादा, आत्याचा मुलगा, म्हणाला, "घर बंद करावं लागेल. कोंबडी कोणाला तरी देऊन टाकू." म्हणजे काय होणार, ते सगळ्यांनाच कळत होतं. मी म्हटलं, मी नेते. रांझीच्या चुंबळी धुऊन धुऊन फाटल्या होत्या, म्हणून गोहलपुरात मी नवा टॉवेल आणून चुंबळ वळली. ती कडक झाली. आठवड्यातच इमरतीची छाती लाल दिसू लागली. मी घाबरून उठता बसता तिला उचलून पाहायचे. शाळेत लक्ष लागेना. आत्याने जे वाचवलं ते माझ्या हातून जाणार, एवढंच डोक्यात.

कपडे वाटायला पुन्हा रांझीला जमलो. वहिनींनी माझ्यासाठी जांभळी सिल्कची साडी बाजूला काढली होती. मी म्हटलं, "वहिनी, मला तिच्या रोजच्या साड्या द्या. विरलेल्या." "अगं, त्या पुसण्याच्या लायकीच्या झाल्या," त्या म्हणाल्या. "त्याच पाहिजेत." रेखादीदी कोपऱ्यातून म्हणाल्या, "दे दो भाभी, दे दो. ये भी बुआजी पर ही गई है."

त्याच संध्याकाळी मी खोलीत एक साडी फाडली. डाव्या पंजाभोवती गुंडाळली, पीळ दिला, टोक आत खोचलं. कापड इतकं मऊ होतं की पीळ आपोआप बसत गेला. इमरतीने कडेला दोन चोची मारून पाहिल्या, अंग हलवलं आणि हळूच खाली बसली... आता मीही रोज चुंबळ धुते, दोरीवर वाळत घालते, आणि मालकीणबाई विचारतात की हे आहे तरी काय. आज सकाळी इमरतीला उचलून पाहिलं. लाली गेली आहे, आणि छातीवर नवं पीस फुटून राहिलं आहे.