तिसरी ट्रायल

“इंजिनकाम करण्यापेक्षा विकलेली बरी,” कांबळे सर मला सांगत होते आणि त्यांच्या मिसेस गाडीची किल्ली मुठीत धरून उभ्या होत्या. मूठ काही सोडायला तयार नव्हत्या.

गडहिंग्लजला माझं गॅरेज. गोष्ट नव्वदच्या दशकातली. कांबळे सिस्टर नेसरीच्या दवाखान्यात नर्स. एसटीची वाट बघून वैतागल्या, सेकंडहँड गाडी घेतली आणि स्वतः चालवायला शिकल्या. सर तिथंच हायस्कुलात मास्तर. रोज शेजारी बसून जाणार. स्टीअरिंगला हात लावायचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा.

आता गाडीला पिकअप नव्हता, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर दाबला तरी उचलत नव्हती. चढाला जळका वास यायचा. एका गॅरेजवाल्यानं इंजिन खोलायला सांगितलं होतं, तेही भलामोठा खर्च सांगून.

“पेशंटला आम्हीच सांगतो, ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा,” सिस्टर म्हणाल्या. “मग रशीदभाई, गाडीनं काय घोडं मारलंय?”

आमच्या लाईनीत एक रीत आहे. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीला पाना लावायचा नाही. म्हटलं, “मी नुसतं बघणार. एक नट ढिला करणार न्हाय. त्या मिस्त्रीनं ट्रायल घेतली का?”

“न्हाय,” सर म्हणाले. “मी काय होतंय ते सांगितलं, त्यानं खर्च सांगितला.”

माझं डोकंच फिरलं. गाडी न चालवता इंजिन खोला म्हणायचं, ही काय कामाची पद्धत झाली?

पहिली ट्रायल मी एकट्यानं घेतली. चढापर्यंत जाऊन आलो. गाडी झकास, वासबीस काही नाही. मग माझ्या मनात आलं ते सगळ्यांच्याच मनात येतं. बाई क्लचवर पाय ठेवून चालवत असणार. क्लच असा अर्धा दाबून ठेवला की आतली प्लेट घासून जळते.

दुसऱ्या ट्रायलला सिस्टरना चालवायला लावलं आणि पेडलवर नजर ठेवून शेजारी बसलो. क्लच असा सोडायच्या की माझ्या मिस्त्र्यांनी बघून शिकावं. गाडी पुन्हा झकास.

“गॅरेजला आली की शहाण्यागत वागती,” सर म्हणाले. “आम्ही दोघं निघालो की हिची नाटकं सुरू.”

“दोघं व्हय? मग बसा की पुढं.”

तिसऱ्या ट्रायलला मी मागच्या सीटवर. चौकात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. सिस्टर निवांत. सरांचा हात मात्र गपकन हँडब्रेकवर गेला आणि एक खटका वर ओढला. सायकलवाला आडवा आला, अजून एक खटका. पुढं म्हैस. सिस्टरांची नजर रस्त्यावर आणि हँडब्रेक लागला की पेटणारा डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधीच उडालेला. चढाला लागलो तेव्हा मागची चाकं निम्मी जाम होती. वास सुटला. इंजिन बिचारं काय करणार?

आता बायकोसमोर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? गाडी बाजूला घ्यायला लावली. सरांना मागं पाठवलं, मी पुढं बसलो आणि काही न बोलता हँडब्रेक पूर्ण खाली सोडला. गाडी तोच चढ सरसर चढली.

सिस्टरनी हँडब्रेककडं बघितलं. मग आरशातून मागं बघितलं.

“अहो,” एवढंच म्हणाल्या.

“मला भ्या वाटतंय गं,” सर बारीक आवाजात म्हणाले. “हात आपोआप जातोय.”

“मग ते मला सांगायचं की. गाडी कशाला विकायला काढली?”

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, तेवढे घासून गेले होते. ते बदलायला गाडी मी पहिल्या मिस्त्रीकडंच पाठवली. रीत म्हणजे रीत. सोबत निरोप दिला, आधी ट्रायल घेत जा.

गाडी विकली नाही. पुढं कैक वर्षं नेसरीच्या रस्त्याला दिसायची. सिस्टर चालवायच्या आणि मागच्या सीटवर कलेक्टरसाहेबागत सर, दोन्ही हातांनी जेवणाचा डबा घट्ट धरून.

तेव्हापासून कुणी गाडीचं दुखणं घेऊन आलं की बॉनेट उघडायच्या आधी मी एकच विचारतो, शेजारी कोण बसतंय?