पत्ता पूर्ण टाइप करा

आमच्या केंद्रात तिला सगळे कंसमामी म्हणायचे. ती कोणाचीच मामी नव्हती, आणि स्वभावाने तर मुंगीलाही वाट देणारी. पण दिवसभर संगणकावर कंस उघडायचे आणि कंस मिटवायचे हेच तिचं काम, मग दुसरं नाव सुचणार तरी कोणतं? ते नाव मीच ठेवलं होतं. तेव्हा माझी जीभ फार चालायची.

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये एक काच. पुढच्या खोलीत आम्ही चार फोनवाले. शहरात कोणी पडलं, भाजलं, छाती धरून बसलं की फोन आमच्याकडे येतो. आम्ही पत्ता टाइप करतो आणि कोणती रुग्णवाहिका पाठवायची ते प्रोग्रॅम ठरवतो. काचेपलीकडे मामी एकटी, आणि तिच्या ताब्यात तो प्रोग्रॅम. लिस्प नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला, सगळा कंसांत कंस. ज्याने लिहिला तो इंजिनिअर नोकरी सोडून गेला आणि त्या जंगलातली वाट ठाऊक असलेलं माणूस एकच उरलं.

त्या प्रोग्रॅमची एक खोड आधी सांगायला हवी. दुसरे प्रोग्रॅम चुकले की कोलमडतात. हा कोलमडत नाही. ज्या कामावर अडला तेवढं काम हातात धरून थांबतो, बाकीची चालू ठेवतो, आणि मामीच्या पडद्यावर चौकट उघडून विचारतो: पुन्हा करून बघू, दुसरी माहिती देता, की हे काम सोडून देऊ? सोडून द्यायला एकच अक्षर पुरायचं, क्यू. प्रोग्रॅम जिथे लिहितात आणि चालवतात त्या मामीच्या एडिटरमध्ये कायम दोन खिडक्या उघड्या असत. एकीत सरावाचा प्रोग्रॅम, खोट्या पत्त्यांवर चालणारा, दुसरीत खरा. सरावाचा सारखा अडायचा आणि ती क्यू, क्यू, क्यू करत पुढे जायची. दोन्ही खिडक्या दिसायला अगदी सारख्या, पांढऱ्यावर काळं.

आठ वर्षांपूर्वीची दुपार. जेवणं नुकतीच आटोपली होती आणि शेजारच्या टेबलावरचा एक किस्सा रंगात आला होता. मला फोन आला. एक बाई सांगत होत्या, नवऱ्याचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही. मी गल्ली लिहिली, घर लिहिलं. विभागाचा रकाना रिकामा सोडला, कारण किस्स्याचा शेवट चुकेल अशी मला घाई होती. गाडी निघतेय म्हणून त्यांना सांगितलं आणि फोन ठेवला. विभाग नाही म्हणून प्रोग्रॅम अडला. मामीच्या खऱ्या खिडकीत चौकट उघडली, तिला ती सरावाची वाटली, आणि तिने न वाचता क्यू दाबलं.

माझ्या यादीतून ती ओळ नाहीशी झाली. गाडी निघाली की ओळ जाते, पण तेव्हा खाली गाडीचा नंबर उमटतो. तो उमटला नाही हे मी पाहिलं. पाहिलं, आणि उमटेल म्हणून पुढचा फोन घेतला.

एकोणीस मिनिटांनी त्याच बाई पुन्हा फोनवर आल्या. ओरडल्या नाहीत. "गाडी रस्ता चुकली का हो?" एवढंच त्यांनी विचारलं.  या वेळी पत्ता टाइप करताना विभागाचा आकडा तीनदा खोडावा लागला.

माणूस वाचला, पण उजवा हात गेला तो गेलाच. तो शिंपी होता. आमच्या ड्रायव्हरांचे गणवेश तोच शिवायचा. पुढच्या वर्षीपासून गणवेश दुसरीकडून येऊ लागले, खांद्यात घट्ट, आणि ड्रायव्हर कुरकुरले की मी उठून पाणी प्यायला जायचो.

चौकशीत साहेबांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं. कोणी काही बोलायच्या आत मामी म्हणाली की तिच्या हातून झालं, तिने न वाचता दाबलं. तिला लेखी ताकीद मिळाली. मी मूग गिळून गप्प बसलो. नोकरीला लागून सात महिने झाले होते आणि बायको बाळंत व्हायची होती. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा दिली की ती मलाच खरी वाटू लागली.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. प्रोग्रॅम स्वतःची रोजनिशी लिहितो: किती वाजता अडला, कशामुळे अडला, माहिती कोणत्या टेबलावरून आली. मामी तीन दिवस ती रोजनिशी वाचत बसली होती. मी काचेतून तिच्या मानेकडे बघत राहायचो. ती मान वळली की मी पडद्यात डोकं घालायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पण मान वळायची ती कपाटाकडे, नाहीतर खिडकीकडे. माझ्याकडे कधी वळली नाही. चौथ्या दिवशी आम्ही पत्ता भरतो त्या फॉर्ममध्ये बदल झाला: विभाग रिकामा असेल तर पत्ता पुढेच जाईना. तरीसुद्धा, तिला दिसलं नसावं, असं म्हणत मी आठ वर्षं काढली.

त्यानंतर ती एडिटरच्या मागे लागली. त्याची एक सेटिंगची फाईल असते, त्यात लिहावं तसा तो वागतो. जितका आतला कंस, तितका वेगळा रंग तिने त्याला दिला. एका कंसावर गेलं की त्याचा जोडीदार उजळायचा. खऱ्या खिडकीची पार्श्वभूमी तिने भडक लाल केली. महिन्याभराने म्हणाली की लाल आता दिसेनासं झालंय, भीतीचीसुद्धा सवय होते. मग तिने खऱ्या खिडकीत क्यूचं बटण बंदच करून टाकलं. आणि शेवटी एक नियम घातला: खऱ्या खिडकीत कुठलंही काम सोडून द्यायचं असेल तर त्या माणसाचा पत्ता अथपासून इतिपर्यंत हाताने टाइप करायचा. चौकटीत तशी सूचनाच यायची. पत्ता पूर्ण टाइप करा.

मी चेष्टा केली, की मामी, हे शाळेतल्या शिक्षेसारखं झालं, शंभर वेळा लिहा.

"ज्याला सोडायचं, त्याचं घर कुठे आहे ते तरी आपल्याला माहीत असावं," ती म्हणाली. माझं हसू जागच्या जागी विरलं.

यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आठवडाभर तिच्या खुर्चीत कोण बसणार, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिने माझं नाव सांगितलं.  दोन आठवडे तिने शेजारी बसवून शिकवलं आणि मी प्रत्येक बटण गरम तव्याला हात लावावा तसं दाबत होतो.

ती रजेवर गेली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराला प्रोग्रॅम अडला. लाल खिडकीत चौकट उघडली. विभाग एकतीस, असं त्यात होतं. आमच्या शहरात विभागच बावीस आहेत. रिकामटेकड्यांचे खोटे फोन रोजचेच, त्यातलाच हा, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर ठरवलं वगैरे काही नाही. ती चौकट डोळ्यांसमोर नको होती. मी काम सोडायला सांगितलं आणि एडिटरने सूचना पुढे केली. पत्ता पूर्ण टाइप करा.

मामीला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि टाइप करू लागलो. गल्ली. घर. तिसरा मजला. जिना डावीकडे. बेल बंद आहे, दार वाजवा.

तिथे माझी बोटं थांबली. खोटा फोन करणारा माणूस, बेल बंद आहे, असं सांगत नाही. मी आकड्याकडे पुन्हा पाहिलं. एकतीस नव्हे, तेरा; ती गल्ली तेरा विभागातलीच. पुढच्या खोलीत कोणीतरी घाईत आकडे उलटे टाकले होते. माझ्यासारख्याच कोणीतरी. मी दुसरी माहिती देतो असं सांगितलं, तेरा टाकलं, आणि यादीकडे बघत राहिलो. गाडीचा नंबर उमटेपर्यंत पापणी हलवली नाही. एका म्हातारीचा श्वास कोंडला होता. गाडी वेळेत पोहोचली.

  हा नियम नसता तर काय झालं असतं ते माझं मलाच सोसेना. ज्या ओळीने मला अडवलं ती एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून मी सेटिंगची फाईल उघडली. लिस्पमध्ये अर्धविरामापुढे लिहिलेलं यंत्र वाचत नाही. ते माणसांसाठी असतं. नियमाच्या वर मामीने तसं लिहून ठेवलं होतं, आठ वर्षांपूर्वीची तारीख घालून.

;; हा नियम काढू नये. एका माणसाला एकोणीस मिनिटं थांबावं लागलं. मी न वाचता दाबलं.
;; विभाग रिकामा होता, टेबल दोन. तो घाबरलेला आहे. त्याला विचारू नये. तो स्वतः सांगेल.

टेबल दोन माझं. आठ वर्षं मी तिच्या मानेला घाबरत होतो, आणि आठ वर्षं ती वाट बघत होती.

संध्याकाळी तिला फोन लावला. डोळ्यावर पट्टी होती, तिच्या बहिणीने फोन कानाला धरून दिला. मी आधी म्हातारीचं सांगितलं. मग माझं. 

"मामी, तेव्हाचं टेबल दोन माझं होतं. आणि नंबर उमटला नाही, तेसुद्धा मी पाहिलं होतं."

"दुसरं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला सांगून काय होणार? मी त्या शिंप्याकडे जाऊन आले होते, त्याच आठवड्यात. तू जायचा राहिलास."

मी केंद्रातून तसाच निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो. त्याने हाकललं तर, त्या बाईंनी माझा आवाज ओळखला तर, अशी शंभर भुतं मागे लागली होती. पत्ता कोणाला विचारावा लागला नाही. गल्ली, घर, सगळं पाठ होतं, विभागासकट. मी दार वाजवलं आणि आतून पावलं येईपर्यंत पळून जावंसं वाटत राहिलं.

दार त्यानेच उघडलं, डाव्या हाताने.